बेचाळिसावं मिनिट

जानेवारीचा शेवटचा शुक्रवार, रात्रीचे बारा.
मिलवॉकीत पारा उणे अकरा,
आणि ओरिओल टॉकीजच्या दारात लोक उभे
गालांवर रबरी कल्ले चिकटवून,
हातमोज्यांवर हिरवे पंजे चढवून.
मी खिडकीत बसून तिकिटं फाडतो.
सरोवराचा वारा तेवढा
रांगेत उभा न राहता थेट आत येतो.

सिनेमा तसा टाकाऊच.
लागला तेव्हा आठवडाभरही टिकला नाही.
पाण्यातून एक राक्षस निघतो,
त्याच्या पाठीवरची चेन दिसते,
नायक मेल्यावर डोळे मिचकावतो.
आम्हाला सगळं तोंडपाठ.
चेन दिसली की तीनशे लोक
आपापल्या जॅकेटची चेन ओढतात : झर्र.
नायक मेला की, ऊठ रे, शेवटची बस जाईल.

आणि बेचाळिसाव्या मिनिटाला पूल.
पिवळ्या कोटातली एक मुलगी पळते,
अर्ध्यावर असते
आणि एकदम पलीकडे.
मधे काही नाही.
तिथे आम्ही सगळे ओरडतो : हुप!

ती व्हर्ना स्टाखोविआक.
तेव्हा एकोणीस वर्षांची, बेकरीत कामाला.
दिवसाचे बारा डॉलर आणि एक सँडविच.
आता तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत,
ऑपरेशन झालेला गुडघा बाहेर पसरून.
हुप झालं की हात वर करते,
हजेरी दिल्यासारखा.

खरं म्हणजे दिग्दर्शकाने असं काही केलंच नव्हतं.
आमच्याकडे येण्याआधी कुठल्याशा मशीनने
पुरुषभर फिल्म तिथे गिळली होती,
आणि उरलेली त्याच जागी पुन्हा पुन्हा तुटायची.
वरच्या खोलीत डेल्मार सांधायचा.
दर सांध्याला दोन चौकटी गमवायच्या.
सांधा फुकट होत नाही, तो म्हणायचा,
हाडाचा असो की फिल्मचा.
कापलेल्या चौकटी पेपरमिंटच्या डबीत जपायचा.
व्हर्ना दर वर्षी जिना चढून विचारायची,
"किती उरले मी?"
तो उजेडात धरून मोजायचा,
भाजीवाल्यासारखं नाही, सोनारासारखं.
"एक्केचाळीस."
मग एका वर्षी, खाली बघत, "एकोणचाळीस."

डेल्मार उन्हाळ्यात गेला.
यंदा जड डबे आले नाहीत,
पुस्तकाएवढी एक पेटी आली.
आत सिनेमा, न्हाऊमाखू घातलेला,
मूळ निगेटिव्हवरून. ओरखडा म्हणून नाही.
चेनचे दात मोजून घ्यावेत.

पूल आला. ती अर्ध्यावर आली.
आम्ही सवयीने ओरडलो : हुप!
आणि ती पुलावरच.
ओरडून रिकामी झालेली तीनशे तोंडं
तशीच उघडी,
आणि ती पळतेय.
मग थांबली.
वाकून निसटलेला बूट उचलला,
कॅमेऱ्याकडे नाही, जरा डावीकडे बघून
हसली,
मागे राक्षस आहे हे साफ विसरून,
आणि एका पायात बूट, एका हातात,
निवांत पलीकडे गेली.

कुणी टाळी वाजवली नाही.
तिसऱ्या रांगेत हात वर झाला नाही.

नंतर पॅसेजमध्ये मी विचारलं,
डावीकडे कोण होतं?
"सँडविच वाटत होते," ती म्हणाली,
आणि काठी शोधायला जरा जास्तच वेळ लावला.
मी डबी दिली. तिने कानाशी हलवून पाहिली,
उघडली नाही.
"पुढच्या वर्षी जुनीच लावा," म्हणाली,
"हिच्यात पलीकडे जायला मला फार वेळ लागतो."

तुटली तर सांधायला कोण आहे आता,
हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी दार धरलं.
पायरीवर थांबून तिने कोटाची चेन ओढली : झर्र.
समोरच्या बसस्टॉपवरून, बर्फातून,
कुणीतरी उत्तर दिलं.